उजनीवर पहिली होडी: बांधायची कुठे?

होडी घेतली की घरचे पेढे मागतात आणि काठावरचे विचारतात, "बांधणार कुठं?" पेढ्यांचं भागतं. दुसऱ्या प्रश्नाला मी पहिल्या वर्षी जे उत्तर दिलं त्यापायी फेब्रुवारीत होडी चिखलात बसली आणि जुलैत बुडाली. दोन्ही एकाच जागेवर. म्हणून हा लेख.

मी सोलापूर शहरात राहतो, होडी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर, करमाळ्याच्या बाजूला असते. पत्र्याची, सपाट बुडाची, 16 फूट लांब, 4 फूट रुंद. शनिवार-रविवारी जाळं टाकायचं, चिलापी मिळाली तर आनंद, नशीब असलं तर कटला. धंदा नाही, हौस आहे. तुमचंही असंच काही ठरत असेल तर पुढचं वाचा. पोटासाठी होडी घालणाऱ्या भोई-कोळी मंडळींना यातलं काही सांगायची गरज नाही. यातलं निम्मं मी त्यांच्याकडूनच शिकलोय.

कोचीला बोलगट्टीला जशी मरिना आहे तशी आपल्याकडे नाही. तिथे भाडं भरलं की ठरलेल्या मापाची जागा मिळते, तरंगता धक्का मिळतो, राखण असते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, तरंगता धक्का त्याच्याबरोबर वरखाली होतो. उजनीची भरती-ओहोटी वर्षातून एकदाच येते. धक्का नाहीच, आणि काठ पाण्याबरोबर चालत जातो. त्यामुळे "चांगली जागा कोणती?" असं इथे विचारून उपयोग नाही. ऑगस्टमध्ये पाणी जिथे असतं तिथून मे महिन्यात ते कुठे जातं, आणि तुमची होडी त्याच्यामागे कशी जाणार, हे विचारायचं.

आधी धरणाचे आकडे

सोलापूर जिल्ह्यात राहून उजनीचा टक्का माहीत नाही असा माणूस विरळाच, पण होडीवाल्याला तो जरा वेगळा वाचावा लागतो.

धरणाचा एकूण साठा 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरतात. त्यातला 63.66 टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी. उरलेला 53.57 टीएमसी उपयुक्त साठा, आणि पेपरात येणारा टक्का फक्त याचा असतो. म्हणून आपल्याकडे धरण "मायनस"मध्ये जातं. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही, पण काठ मात्र खूप लांब गेलेला असतो. 2024 च्या जूनमध्ये उणे 60 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तेव्हाही आत 31-32 टीएमसी पाणी होतं आणि होड्या चालत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरणाने शंभरी गाठली. दोन-अडीच महिन्यांत एवढा फरक.

आता आपल्या कामाचा आकडा. शंभर टक्क्यांना पाणीपातळी 496.83 मीटर, शून्य टक्क्यांना 491.03 मीटर. फरक 5.80 मीटर, म्हणजे साधारण 19 फूट. हे 19 फूट पाठ करा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. शिवाय पावसाळ्यात धरण 110 टक्क्यांच्या आसपासही भरून घेतात, तेव्हा शंभरच्या रेघेवर आणखी दीडएक फूट पाणी चढतं. आणि मायनसमध्ये गेलं की खाली किती जाईल ते त्या वर्षीच्या पावसावर आणि आवर्तनांवर, म्हणजे शेतीला पाळीने सोडतात त्या पाण्यावर.

एक बारीक गोष्ट: टक्के आणि फूट एका चालीने चालत नाहीत. वर पाणी ताटासारखं पसरलेलं असतं, खाली वाटीत बसलेलं. म्हणून तेवढेच टक्के कमी झाले तरी खालच्या अंगाला पातळी जास्त उतरते. मार्च-एप्रिलमध्ये आठवडाभर गेला नाही की "अरे, एवढं?" असं वाटतं ते त्यामुळे. वरून ऊन आणि आवर्तन दोन्ही असतं.

उतार मोजायचा, डोळ्याने नाही, नळीने

माझी पहिली जागा बघायला फार सुंदर होती. ओढ्याच्या तोंडाशी सपाट हिरवळ, गाडी थेट पाण्याला लागायची, वर बाभळीची सावली. ऑक्टोबरात मी आणि मावसभावाने तिथे होडी बांधली, फोटो काढले, घरी पाठवले. डिसेंबरात काठ जरा मागे सरकला. जानेवारीत होडी ढकलावी लागली. फेब्रुवारीच्या एका शनिवारी गेलो तर होडी गाळात आणि पाणी दीडशे पावलांवर. मध्ये वरून तडकलेला, आतून लोण्यासारखा गाळ. एक पाय काढला की दुसरा गुडघ्यापर्यंत आत. चप्पल आत राहिली ती राहिलीच.

शेजारी जाळं साफ करत बसलेले एक म्हातारे मामा हे सगळं बिडी ओढत बघत होते. शेवटी म्हणाले, "मालक, जागा बगताना पान्याकडं बगितलं व्हय? पानी सगळीकडं सारकंच दिसतंय. जमीन बगायची."

ती कशी बघायची ते सांगतो. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात ती घ्या, किंवा कुणा गवंड्याकडून दिवसापुरती मागून आणा. पाण्याच्या कडेपासून काठावर वरच्या बाजूला सरळ 100 फूट मोजा. नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची उंची बघा. नळी तेवढी लांब नसेल तर टप्प्याटप्प्याने मोजून बेरीज करा. 100 फुटांत जमीन किती फूट चढली ते मिळेल. मग सरळ त्रैराशिक.

100 फुटांत 2 फूट उतार असेल तर 19 फूट पाणी उतरताना काठ 950 फूट लांब जाणार. ही माझी पहिली जागा. 5 फूट उतार असेल तर 380 फूट. 8 फूट असेल तर 240 फुटांच्या आत. मला 5 ते 8 फुटांचा उतार पसंत आहे. 10 च्या वर गेलं की जाळ्याची पोती, इंजिन, पेट्रोलचा कॅन घेऊन चढ-उतार करताना कंबर बोलते. आणि काळ्या मातीचा उभा काठ लाटांनी खचतो, खुंटीसकट.

उतारानंतर जमिनीची जात. एक पहार न्या आणि पाण्याच्या कडेला हाताच्या नुसत्या जोराने दाबा. वीतभर जाऊन अडली तर मुरूम आहे, जागा चांगली. हातभर सहज गेली तर गाळ आहे, दुसरीकडे चला. ओढ्याच्या तोंडाशी गाळ असणारच, कारण ओढा तो दरसाल आणून टाकतो. हे मला कुणी ऑक्टोबरात सांगितलं असतं तर!

आणि जमलं तर एक करा: जागा मे महिन्यात बघा, पाणी तळाला गेलेलं असताना. पावसाळ्यात सारखी दिसणारी जागा तेव्हा खरी काय आहे ते कळतं. धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट, जुने बांध, सगळं उघडं पडतं. पलीकडे पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला लोक लांबून येतात. तुम्ही आपल्या जागेपुढच्या दगडांचे फोटो काढा. ऑक्टोबरात याच दगडांवर दीड फूट पाणी असेल आणि इंजिनचा पंखा नेमका त्या मापाने खाली गेलेला असेल. मी फोटोवर खुणा करून मोबाईलमध्ये ठेवल्यात. माझ्या आताच्या जागेसमोर, डाव्या हाताला, एका पडक्या वाड्याची जोती आहे. ती चुकवायला मी किनाऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड आणि मागची पाण्याची टाकी एका रेघेत धरून आत येतो.

वारा कुठून लागतो

उजनीचं पाणी लांबलचक आहे. भीमानगरच्या भिंतीपासून वर भिगवणच्या पुढेपर्यंत ते पसरतं. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला धाव मिळाली की लाट उठते, आणि तळ्यातली लाट समुद्रासारखी लांब नसते. आखूड, उभी, एकामागून एक लागणारी असते. सपाट बुडाच्या होडीला ती वाईट.

पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. तेव्हा पश्चिमेला उघडी असलेली जागा टाळायची. पण खरा धोका एप्रिल-मेच्या वळवाचा. दिवसभर उकडतं, चारच्या पुढे एका कोपऱ्यात आभाळ काळं होतं आणि मग वारा कोणत्याही दिशेने येतो. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहून काठाला लागला. त्या भागात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, पण शहरातून येणाऱ्याला सांगावं लागतं. त्या दिवसांत मी तीनच्या पुढे पाण्यावर नसतो, आणि जाकीट घातल्याशिवाय होडीत कुणाला बसू देत नाही. पाहुणे हसतात. हसू देत.

आडोसा ओळखायची एक सोपी खूण आहे, ती त्याच मामांनी दाखवली. काठाकाठाने चालत जा आणि कचरा बघा. जलपर्णीचे गठ्ठे, थर्माकोलचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या जिथे ढिगाने लागल्यात, तिथे वारा आणि लाट येऊन आपटते. तुमची होडीही तिथेच आपटणार. जमिनीची सोंड पाण्यात आत गेलेली असते तिच्या मागच्या अंगाला काठ स्वच्छ दिसतो. तिथे उभं राहिलं की कानाला फरक कळतो, पलीकडची लाट ऐकू येते आणि आपल्याकडचं पाणी नुसतं हलत असतं. ती जागा.

फक्त फार आतली, कोंडलेली कपार नको. उन्हाळ्यात तिथे हिरव्या शेवाळाचा थर साचतो आणि वास येतो. पुण्याकडून काय काय वाहत येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

काठ रिकामा दिसतो, पण रिकामा नसतो

नवख्याला वाटतं, एवढा मोठा काठ, बांधली होडी कुठेही तर कुणाचं काय जातं? जातं.

पहिले मोटारीवाले शेतकरी. फुगवट्याच्या दोन्ही काठांचा ऊस याच पाण्यावर उभा आहे. पाणी मागे सरकलं की मोटारी पुढे न्यायच्या, पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, हे त्यांचं फेब्रुवारीपासूनचं रोजचं दुखणं. त्या केबली गाळातून, कधी पाण्यातून गेलेल्या असतात आणि जोड टेपने गुंडाळलेले असतात. पत्र्याची होडी, ओले पाय आणि उघडा जोड, यापुढे लिहायला नको. मोटारीपासून, फूटव्हॉल्वपासून आणि केबलीपासून चांगलं अंतर ठेवून जागा घ्या, आणि रात्री अंधारात केबलीवरून होडी ओढू नका. केबल, तांब्याची तार चोरीला जाते, त्यामुळे रात्री काठावर बॅटरी घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे शेतकरी कसा बघणार हेही ध्यानात घ्या. आधी दिवसा जाऊन ओळख करून द्या.

दुसरे गाळपेरवाले. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या जमिनीत पीक घेतात. ऑक्टोबरात तुम्ही पाण्यात बांधलेल्या होडीच्या आणि मार्चमधल्या पाण्याच्या मध्ये कुणाचा तरी मका उभा असू शकतो. मग होडी न्यायची कुठून? म्हणून जागा ठरवताना "इथं खाली गाळपेर कुणाची असती?" हे विचारा, आणि त्या माणसाला भेटा.

तिसरे मच्छीमार. त्यांच्या उतरायच्या जागा ठरलेल्या असतात, पिढीजात नसल्या तरी वर्षानुवर्षांच्या. पहाटे जाळी काढून माल तिथे येतो, टेम्पो तिथे लागतो. त्यांच्या धक्क्यावर (धक्का म्हणजे चार दगड आणि सपाट केलेली जमीन) जाऊन होडी बांधू नका. बाजूला, त्यांना विचारून बांधा. संध्याकाळी त्यांची जाळी कुठे लागतात ते विचारून घ्या. तुमच्या पंख्यात जाळं गेलं तर वाद घालू नका, भरून द्या. मी एकदा दिलंय. त्यानंतर मला मासा कुठे लागतो ते सांगायला लागले.

चौथे वाळूवाले. यांच्यापासून फक्त लांब राहा. महसूलची कारवाई होते तेव्हा वाळूउपशाच्या बोटी जागेवरच फोडतात, जिलेटिन लावून उडवतातही. तुमची होडी त्यांच्या ओळीत बांधलेली असेल तर ती हौसेची आहे हे त्या गडबडीत कोण ऐकणार?

या सगळ्यांत एक माणूस तुमचा असायला हवा. उतार, मुरूम, आडोसा सगळं जमलं पण काठावर लक्ष ठेवणारं कुणी नाही, तर ती जागा मी घेणार नाही. आणि माणूस चांगला असेल तर उतारात एखादा फूट कमी-जास्त चालवून घेईन. आम्ही ज्यांच्याकडे होडी ठेवतो ते तेच बिडीवाले मामा. पैशाचं आधीच स्पष्ट बोला: वर्षाचं किती, होडी ते वापरणार का, वापरली तर दुरुस्ती कुणाची. "बघू की, तुमाला काय जड हाय का" असं म्हणतील. हसून आकडा काढून घ्या. नाही काढला तर दिवाळीला दोघांच्याही मनात वेगवेगळा आकडा असतो.

दोर आखूड ठेवला आणि होडी बुडाली

चिखलाचं झालं, आता बुडाल्याचं. फेब्रुवारीत शहाणा होऊन मी होडी पुढे नेत नेत जूनपर्यंत आणली आणि मध्येच उघड्या पडलेल्या एका बाभळीच्या खुंटाला बांधली. दोर 15 फूट, घट्ट, निरगाठ. वाऱ्याने हलू नये म्हणून. आपल्याकडे पाऊस नव्हता, सोलापुरात तर ऊन होतं. म्हटलं, पाणी कशाला वाढतंय?

उजनी सोलापूरच्या पावसाने भरत नाही. ती मावळातल्या पावसाने भरते. तिकडची धरणं भरली, खाली पाणी सोडलं, की ते दौंडला येतं आणि तिथून आपल्याकडे. म्हणून जुलैत आभाळाकडे बघू नका, दौंडचा विसर्ग बघा. रोज बातमीत येतो, काठावरच्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर येतो. दौंडचे क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी येतं तो आकडा) वाढले की दोर सैल करायची वेळ झाली.

मी आठ दिवसांनी गेलो तेव्हा खुंट पाण्याखाली होता. होडीचं तोंड दोराने खाली ओढून धरलेलं, मागची बाजू तिरकी वर, आत पाणी काठोकाठ. खुंट जागचा हलेना, पाणी वर चढत राहिलं, आणि दोराने होडीला नाकाने पाणी पाजलं. तोडायला कोयता घेऊन पोहावं लागलं. वल्ही पलीकडच्या काठाला सापडली.

त्यानंतर शिकलेली रीत अशी. होडी झाडाला किंवा खुंटाला आखूड बांधायची नाही. तोंडाकडून नांगर टाकायचा आणि दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, वारा असेल तर सातपट सोडायचा. मागच्या बाजूने एक सैल दोर काठावरच्या खुंटीला, होडी फिरून दगडावर जाऊ नये म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये काठावरची खुंटी त्या दिवशीच्या पाण्यापासून चांगली वर ठोकायची, आणि एक आठवड्यापेक्षा जास्त काळ कुणी न बघता ठेवायची नाही. दोर नायलॉनचा घ्या, तो थोडा ताणतो आणि झटका खातो. दुकानात स्वस्त, तरंगणारा पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर असतो, तो उन्हाने कुसळासारखा सुटतो आणि वर तरंगून दुसऱ्याच्या पंख्यात जातो. जिथे दोर होडीच्या कडेवर घासतो तिथे सायकलची जुनी ट्यूब किंवा पाण्याच्या पाइपाचा तुकडा चढवा. कडेला स्कूटरचे जुने टायर. काठावरचे सगळे हेच करतात, फुकट आहे आणि चालतं.

पावसाचं वेगळं. 16 बाय 4 च्या होडीत एक इंच पाऊस म्हणजे जवळजवळ 150 लिटर पाणी. वळवाच्या एका सरीत एवढं पडतं. तेवढं पाणी एका बाजूला कललं आणि वरून लाट आली की खेळ संपला. म्हणून ताडपत्री नुसती पसरायची नाही, मध्ये आडवं बांबू टाकून छपरासारखी बांधायची. सगळ्यात उत्तम म्हणजे महिनाभर जाणार नसाल तर होडी बाहेर काढून दोन ओंडक्यांवर पालथी घाला. चार माणसं लागतात. चहा पाजला की मिळतात.

इंजिन मात्र कधीच होडीवर ठेवू नका. काढायचं, मामांच्या घरी किंवा गाडीत. साखळी-कुलूप होडीसाठी, इंजिनासाठी नाही.

तीन खुंट्या

आता हे सगळं एकत्र आणून मी कसं बसवलंय ते सांगतो, तुम्ही तुमच्या उतारावर बसवा.

जागा एकच, पण खुंट्या तीन. वरची खुंटी शंभरच्या रेघेच्या वर, दोन-अडीच फूट उंच जागी. पुराच्या खुणा, वाळलेल्या जलपर्णीची रेघ, गावातल्यांची साक्ष, यावरून ती रेघ मिळते. मधली साधारण अर्ध्यावर. खालची शून्याच्या आसपास, ती मे महिन्यात जमीन उघडी असताना ठोकायची. लोखंडी पाइप मुरमात जमिनीबरोबर ठोका, वर फक्त कडी दिसली पाहिजे. पाइप वर डोकावत ठेवलात तर पाणी चढल्यावर तो दुसऱ्याच्या होडीचं बूड फाडेल. कडीला दोर आणि दोराला तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून. पाणी चढलं की डबा वर तरंगतो आणि खुंटी कुठे आहे ते कळतं. डब्यावर रंगाने नाव घाला, नाहीतर जाळ्याची खूण समजून कुणीतरी उचलतं.

शून्याच्या खाली धरण गेलं की मी होडी काढूनच घेतो. हौसेसाठी तिच्यामागे चिखल तुडवण्यात अर्थ नाही. पोटावर असणाऱ्यांना तो तुडवावा लागतो.

बाकीच्या गोष्टी, थोडक्यात

रस्ता: सोलापूरहून टेंभुर्णी 80 किलोमीटरच्या आसपास, तिथून पुढे कोणत्या काठाला जाता त्यावर. डांबरी संपल्यावरचे शेवटचे किलोमीटरभर काळ्या मातीतले असतील तर जुलै ते सप्टेंबर गाडी लांब ठेवून चालायची तयारी हवी. पहिल्यांदा जागा बघायला उन्हाळ्यात गेलात तर हे कळत नाही, म्हणून पावसाळ्यातही एक फेरी मारा. मासे विकायचा विचार असेल तर भिगवण आणि इंदापूरचे बाजार लक्षात ठेवा. हौशी माणसाचा माल बहुतेक घरी, शेजारी आणि मेहुण्याकडे संपतो.

भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते दाखवायला होड्यांची रांग असते. तिथे उथळ आणि गर्दी, मासेमारीच्या पहिल्या होडीला ती जागा मी सुचवणार नाही. धरणाच्या भिंतीजवळही नको. तिथे बंदोबस्त असतो आणि असायलाच हवा.

धरणाच्या खाली नदीवर, पंढरपूरकडे होडी ठेवावी का, असं काहीजण विचारतात. तिथलं पाणी सोडलं तर असतं, नाही तर नसतं. पावसाळ्यात उजनीतून आणि नीरेच्या बाजूने वीर धरणातून एकदम सोडलं की नीरा नरसिंहपूरच्या खाली नदीचं रूप बदलतं. चंद्रभागेत वर्षानुवर्षं होडी चालवणाऱ्यांचं ते काम. शहराजवळ सराव करायचा तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, पण तिथे जाळं टाकायच्या आधी मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारा.

कागदपत्रं: धरणाची जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाचं आहे, काठ कुणाच्या खासगी मालकीचा नाही. कुणी "ही जागा माझी, विकतो" म्हणालं तर राम राम करा. तुम्ही मामांना देता ते राखणीचे पैसे, जागेचे नाहीत. मासेमारीचा परवाना लागतो. कोणत्या जाळ्याला आणि कोणत्या महिन्यांत परवानगी आहे ते परवाना काढतानाच लिहून घ्या, कारण बारीक आसाच्या (म्हणजे बारीक भोकांच्या) जाळ्यावरून काठावर भांडणं होतात आणि ती रास्त आहेत. इंजिन लावणार असाल तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी येते. महाराष्ट्रात ते काम सागरी मंडळाकडे आहे. सोलापुरात बसून सागरी मंडळाला अर्ज करताना गंमत वाटते, पण करावा लागतो.

जागा पक्की करायच्या आधी तिथे एक रात्र काढा. उगाच नाही सांगत. संध्याकाळी वारा पडतो का वाढतो, रात्री मोटारी कुठल्या चालू होतात, कोण येतं-जातं, पहाटे टेम्पो कुठून येतो, कुत्री कुणावर भुंकतात, हे दिवसा दोन तास जाऊन कळत नाही. आम्ही गेलो तेव्हा मामांनी भाकरी आणि चिलापीचं कालवण दिलं, आणि पहाटे साडेचारला उठवून सांगितलं, "चला, जाळी बगून येऊ. होडी बांदायचं मग बगू."